एक जूनची माणसं आणि सर्व्हरचं घड्याळ

सोलापुरात एक जूनला जन्मलेली माणसं किती आहेत, याचा हिशोब करायला बसू नये. घरी जन्माची नोंद ठेवायची पद्धत ज्या पिढीत नव्हती, तिला शाळेत घालताना मास्तर विचारायचे, "कधी झाला हा?" उत्तर यायचं, "ज्वारीची काढणी चालली होती तेव्हा." शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि वय कागदावर पुरं भरायला हवं असायचं. मग मास्तर लिहायचे, १ जून. ही माणसं पुढे शिक्षक झाली, तलाठी झाली, एसटीत लागली. महिन्याच्या पहिल्या तारखेचा जन्म असलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे ३१ मेला कचेऱ्या-कचेऱ्यांत हारतुऱ्यांची गर्दी उसळते. हे महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे.

मला मात्र ही तारीख आठवते ती माझ्या एका अपराधामुळे. मी वेब ॲप्लिकेशनं लिहितो. जुळे सोलापुरात दोन खोल्यांचं ऑफिस आहे. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेसाठी सभासद नोंदणीचं काम केलं. सभासदांत पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायका पुष्कळ. त्यातल्या एका मावशींची जन्मतारीख अर्थातच १ जून १९५८. आधार कार्डावर तीच. आमच्या ॲप्लिकेशननं छापलेल्या दाखल्यावर मात्र ३१ मे १९५८. तारीख जुळत नाही म्हणून त्यांच्या विम्याचा कागद परत आला. त्या तीनदा हेलपाटे मारून गेल्या. विडीची मजुरी हजारावर असते, त्यामुळे हेलपाट्याचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. तिसऱ्यांदा मी तिथे होतो. मी सांगितलं, "मावशी, एका दिवसाचाच फरक पडलाय, दुरुस्त करून देतो." त्या म्हणाल्या, "साहेब, मी कवा जन्मले ते माझ्या आईलाबी ठावं नव्हतं. मास्तरनं एक तारीख दिली. तेवढीच हाय माझ्याकडं. तीबी तुमच्या मशिनीनं काढून घेतली की ओ."

मशिननं काढून घेतली नव्हती, मी काढून घेतली होती. आणि मी ती काढून घेतली ते आमच्या धंद्यातला सगळ्यात मानाचा नियम पाळून. म्हणून हा लेख.

तो नियम असा: वेळ नेहमी यूटीसीमध्ये साठवावी, आणि दाखवताना वापरणाऱ्याच्या स्थानिक वेळेत बदलून दाखवावी. यूटीसी म्हणजे जगाची समन्वित वेळ. व्यवहारात ग्रिनिचची वेळ म्हटलं तरी चालेल. आपण तिच्यापुढे साडेपाच तास. मुलाखतीत हा प्रश्न विचारतात आणि हे उत्तर दिलं की मान डोलावतात. मीही डोलावली आहे.

आता बघा काय झालं. मावशींच्या अर्जातली तारीख ब्राउझरनं '१ जून १९५८, रात्रीचे बारा, भारतीय वेळ' अशी धरली. नियमाप्रमाणे तिचं यूटीसी केलं. आपल्याकडे एक तारखेचे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा यूटीसीत आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे साडेसहा असतात. म्हणजे साठवलं गेलं ३१ मे १९५८, १८:३०. दाखला छापणारा प्रोग्राम सर्व्हरवर चालत होता, सर्व्हर यूटीसीवर होता, त्यानं समोर होती ती तारीख छापली. प्रत्येक टप्प्यावर नियम पाळला गेला आणि शेवटी मावशींचा जन्म एक दिवस आधी झाला.

माझे व्यवसायबंधू म्हणतील, ही नवशिक्याची चूक आहे, दाखवताना परत भारतीय वेळेत बदलायला विसरलास. ठीक. पण मग १ जून १९४३ ला जन्मलेल्या आजोबांचं काय करता? दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, भारताची घड्याळं एक तास पुढे केलेली होती. आपण तेव्हा यूटीसीपुढे साडेसहा तास होतो. जगभरच्या संगणकांत वेळेच्या नियमांची जी सामायिक नोंदवही असते तिच्यात हे लिहिलेलं आहे. ब्राउझरनं ती वाचून आजोबांची मध्यरात्र यूटीसीत नेली आणि सर्व्हरवरच्या शहाण्यानं 'भारत म्हणजे कायम साडेपाच' असं धरून परत आणली, तर आजोबा ३१ मेच्या रात्री अकरा वाजता जन्मतात. नियम पाळून, परत बदलायला न विसरता.

माझं म्हणणं असं की चूक विसरण्यात नव्हतीच. जन्मतारखेला बारा वाजवण्यात होती. मावशींनी वेळ सांगितलेली नव्हती. त्यांनी एक तारीख सांगितली होती. ती सोलापुरात १ जून आहे, न्यू यॉर्कमध्ये १ जून आहे आणि चंद्रावर गेली तरी १ जूनच राहील. तिला घड्याळ चिकटवण्याचा अधिकार मला कुणी दिला नव्हता.

'सगळं यूटीसीत साठवा' हा नियम अर्धाच खरा आहे आणि त्या अर्ध्या खरेपणामुळेच तो धोक्याचा आहे. वेळ कुणाची हे आधी ठरवावं लागतं. हा नियम ते न ठरवताच पुढे जायची सोय करून देतो.

कारण 'वेळ' या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिली, क्षण: पैसे खात्यातून गेले तो क्षण, ओटीपी पाठवला तो क्षण. तो जगात एकदाच घडतो. त्याला यूटीसी अगदी योग्य आणि नियम तेवढ्यापुरता शंभर टक्के बरोबर. दुसरी, तारीख: जन्म, लग्न, पावतीवरचा दिवस. तिला घड्याळ नाही, म्हणून वेळक्षेत्रही नाही. तिसरी, ठरलेली वेळ: दर रविवारी सकाळी दहा, परीक्षा ३ वाजता, अर्जाची मुदत ३० तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत. ही एखाद्या गावच्या भिंतीवरच्या घड्याळाशी बांधलेली असते आणि गावाचं नाव तिच्यासोबत लिहिलं नाही तर ती अपुरी राहते.

गंमत अशी की हा भेद सोलापूरला नवा नाही. दाते पंचांग आमच्या गावातून निघतं, शंभरहून अधिक वर्षं. पंचांग काय करतं ते आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. तिथी संपते तो क्षण सगळ्या पृथ्वीला एकच असतो, कारण तो सूर्य-चंद्राच्या अंतरावर ठरतो. हा आपला यूटीसीतला क्षण. पण आजचा दिवस एकादशीचा की द्वादशीचा, हे ठरतं तुमच्या गावच्या सूर्योदयाला कोणती तिथी चालू आहे त्यावरून. चतुर्थीला गणपती कधी बसवायचा ते ठरतं तुमच्या गावच्या मध्याह्नावरून. म्हणून सोलापूरचा आणि न्यू जर्सीचा सण कधी कधी वेगळ्या तारखेला येतो आणि तिथल्या घराघरांत 'आपण इथलं पाळायचं की भारतातलं?' हा वाद दरवर्षी होतो. तो वाद मूर्खपणाचा नाही. एक क्षण, एक स्थळ आणि 'कोणतं स्थळ धरायचं' हा एक निर्णय, अशा तीन गोष्टी त्यात स्पष्ट वेगळ्या असतात. फलज्योतिषावर माझा विश्वास नाही, पण एवढी शिस्त माझ्या पतसंस्थेच्या कोडमध्ये नव्हती, हे मान्य करतो.

मी हे जन्मतारखेपुरतं म्हणत असतो तर लेख लिहायची गरज नव्हती. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची आवक रात्रभर चालते. मध्यरात्रीनंतर गाड्या लागतात, पहाटे वजनं होतात, सकाळी लिलाव. एका आडत दुकानाच्या हिशोबाचं काम माझ्याकडे दुरुस्तीला आलं, कारण रोजची आवक जुळेना. कारण काय? त्या सॉफ्टवेअरचा दिवस पहाटे साडेपाचला उजाडत होता. सर्व्हरची मध्यरात्र आपल्याकडे साडेपाचला होते, आणि दिवसाची बेरीज सर्व्हरच्या मध्यरात्रीपासून मोजलेली. पहाटे तीनला आलेल्या शेतकऱ्याच्या पोत्यांवर कालची तारीख. कांद्याचा भाव रोज हलतो. पट्टीवर कालची तारीख आणि आजचा भाव असेल तर शेतकऱ्याला प्रश्न पडणारच, आणि तो प्रोग्रामरवर संशय घेणार नाही, आडत्यावर घेईल. आडत्यांबद्दल माझं मत काहीही असो, या चोरीत ते निर्दोष होते.

किंवा मुदत घ्या. 'अर्ज ३० जूनपर्यंत' असं लिहिलेलं असतं. प्रोग्रामर '३० जून' ही तारीख यंत्राला देतो. जावास्क्रिप्टचा जुना, १९९५ सालचा तारखेचा कारभार नुसती तारीख दिली की तिचा अर्थ 'यूटीसीची मध्यरात्र' असा लावतो आणि तारखेसोबत तास दिले की 'स्थानिक वेळ' असा लावतो. एकाच वस्तूचे दोन अर्थ! मग अर्ज ३० तारखेच्या पहाटे साडेपाचला बंद होतो. ज्या पोरीला घरात दिवसभर मोबाइल मिळत नाही, जिला तो संध्याकाळी वडील आल्यावर मिळणार होता, तिचा आख्खा दिवस गेला. ती तक्रार करत नाही. 'साइट बंद होती' म्हणते आणि गप्प बसते. आपल्या चुका आपल्यापर्यंत पोचत नाहीत, कारण ज्यांना त्या बाधतात त्यांना चूक कुणाची हेच कळत नाही.

याला 'तांत्रिक तपशील' म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. कुणाचं घड्याळ खरं, हा या प्रांतात रस्त्यावरचा प्रश्न होता.

सोलापुरात रेल्वे १८६० साली आली. पुढे ही लाइन रायचूरला मद्रासकडून येणाऱ्या लाइनला मिळाली. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची. सोलापूरचा सूर्य मद्रासच्या घड्याळामागे सुमारे सतरा मिनिटं आणि मुंबईच्या घड्याळापुढे बारा-तेरा मिनिटं. म्हणजे गाडीची वेळ, राजधानीची वेळ आणि डोक्यावरच्या उन्हाची वेळ, अशा तीन वेळा. १८८१ मध्ये मुंबई सरकारनं मद्रासची वेळ मुंबईवर लादून पाहिली. शहरानं ती मानली नाही आणि दोन वर्षांत तो नाद सोडावा लागला. मग १९०६ च्या १ जानेवारीपासून आजची भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या घड्याळाला ३९ मिनिटं पुढे ढकलत होती. त्याच महिन्यात मुंबईतल्या काही हजार गिरणी कामगारांनी काम थांबवलं, दगडफेक झाली. त्यांचं गणित सोपं होतं. घड्याळातला आकडा तोच ठेवून घड्याळच पुढे केलं तर कामाला ३९ मिनिटं आधी उठायचं, अंधारात. मुंबई महापालिकेनं तर आपली घड्याळं मुंबईच्या वेळेवरच ठेवली, आणि तो हट्ट थेट १९५०च्या दशकापर्यंत टिकला.

मी प्रमाणवेळेच्या विरुद्ध नाही. सोलापूरच्या उन्हाप्रमाणे मीटिंग ठेवली तर मला २६ मिनिटं उशीर होईल आणि गिऱ्हाईक जाईल. सांगायचं ते हे की तेव्हा वेळ बदलणाऱ्यांना निदान जाहीर करावं लागलं होतं, सभा झाल्या होत्या, वृत्तपत्रांतून शिव्या खाव्या लागल्या होत्या. आज तोच निर्णय कॉलमचा प्रकार निवडताना अर्ध्या सेकंदात होतो, कुणाला न विचारता, आणि बहुतेक वेळा निवडणाऱ्यालाही कळत नाही की आपण काही निवडलं.

त्या १९०६च्या भांडणाचं पुढे काय झालं तेही पाहा. वर उल्लेख केलेल्या नोंदवहीत, १९७० नंतर ज्यांची घड्याळं सारखी चालली त्या प्रदेशांना एकच नाव द्यायचं असा संकेत आहे. म्हणून आख्ख्या भारताला एकच नोंद, 'एशिया/कोलकाता'. मुंबईच्या वेळेला स्वतंत्र नोंद नाही. २००८ साली 'कलकत्ता' बदलून 'कोलकाता' झालं, पण क्रोम अनेक वर्षं जुनंच नाव सांगत राहिला आणि फायरफॉक्स नवं. ज्यांनी दोन नावं सरळ अक्षराला अक्षर जुळवून तपासली, त्यांच्या ॲप्लिकेशनमध्ये एकाच टेबलाशी बसलेली दोन माणसं दोन वेळक्षेत्रांत राहू लागली. आणि सोलापूरचा वापरणारा यादीत 'भारत' शोधत बसतो ते वेगळंच.

आता आक्षेप. पहिला: "आमचे सगळे वापरणारे भारतातच आहेत, आम्हाला हे कशाला?" मावशी, आजोबा, कांदा आणि ती पोरगी, चौघंही भारतातच आहेत. उलट भारतात राहणं हाच आपला आंधळेपणा आहे. आपल्याकडे उन्हाळी घड्याळ नाही. वर्षभर साडेपाच म्हणजे साडेपाच. त्यामुळे ठरलेली वेळ यूटीसीत साठवली तरी आपल्या टेस्टिंगमध्ये ती कधी हलत नाही. ती हलते दुसऱ्याच्या घरी.

माझी ताई सोलापुरात बसून न्यू जर्सीतल्या मुलांना रविवारी मराठी शिकवते. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, मुलांकडे सकाळचे दहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे गेली. वर्गाची वेळ यूटीसीत होती, म्हणून ॲपनं इमानदारीत ताईला साडेसातला बसवलं. मुलांकडे तेव्हा नऊ वाजले होते. ती घरातल्या घड्याळाप्रमाणे दहाला आली. ताई तासभर मोकळ्या पडद्यासमोर बसून होती. तिला वाटलं, मुलं कंटाळली. यंत्राची चूक म्हणून तिच्या मनातसुद्धा आलं नाही. मी तिला विचारलं, "वर्ग कुणाच्या घड्याळानं धरायचा?" ती म्हणाली, "मुलांच्या. हिवाळ्यात मी साडेआठला बसेन, जेवण आधी उरकेन." बघा, हा निर्णय तिचा होता. तिच्या स्वयंपाकाचा, झोपेचा. ॲपनं तो तिला विचारलाच नव्हता.

दुसरा आक्षेप: "लायब्ररी वापरा, ती सगळं बघते." लायब्ररी घड्याळं जाणते, माणसं जाणत नाही. वर्ग मुलांचा की ताईचा हे तिला कुठून कळणार? चांगल्या भाषांनी हे ओळखलंय. जावात २०१४ पासून क्षण, नुसती तारीख आणि गावासकटची वेळ यांचे वेगळे प्रकार आहेत, आणि जावास्क्रिप्टमध्येही 'टेम्पोरल' या नावानं तेच आलंय. पण कपाटात तीन कप्पे केले म्हणून सामान आपोआप योग्य कप्प्यात जात नाही. पोस्टग्रेसमध्ये 'वेळक्षेत्रासह' असं नाव असलेला प्रकार आहे. तो वेळक्षेत्र साठवतच नाही, यूटीसीत बदलून टाकतो. नावावर विश्वास ठेवून किती जणांनी गावाचं नाव गमावलं असेल!

तिसरा: "वेळेचे नियम काय रोज बदलतात?" रोज नाही, पण बदलतात तेव्हा विचारून बदलत नाहीत. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारनं उन्हाळी घड्याळ रमजान संपेपर्यंत लांबवायचं ठरवलं, तेही अगदी ऐनवेळी. चर्चनं आणि काही वृत्तवाहिन्यांनी ते मानलं नाही. काही दिवस एकाच देशात दोन वेळा चालल्या, मग निर्णय मागे घेतला. १९०६ची मुंबईच म्हणा. ज्यांनी पुढच्या भेटीगाठी 'बैरूत, सकाळी दहा' अशा लिहून ठेवल्या त्यांची नोंद शाबूत राहिली. ज्यांनी आधीच यूटीसी करून ठेवलं, त्यांच्याकडे मूळ ठरलं काय होतं याचा पुरावाच उरला नाही.

तर मग करायचं काय? क्रांती नको. टेबल बनवण्याआधी प्रत्येक रकान्याला विचारायचं: हा क्षण आहे, तारीख आहे, की ठरलेली वेळ? क्षण असेल तर खुशाल यूटीसी. तारीख असेल तर नुसती तारीख, तिला बारा वाजवायचे नाहीत. ठरलेली वेळ असेल तर भिंतीवरची वेळ आणि गावाचं नाव, दोन्ही. नुसतं 'अधिक साडेपाच' नको, कारण तो आजचा आकडा आहे, गावाची ओळख नाही. 'आयएसटी' ही तीन अक्षरंही नकोत, ती इस्रायल आणि आयर्लंडसुद्धा वापरतात. 'आज' म्हणजे कुणाचा आज, हे कोडमध्ये लिहायचं. मुदत छापताना वेळ आणि प्रदेश छापायचा. आणि जिथे दोन घड्याळांत निवड करायची असेल तिथे ती माणसाला विचारायची, त्याच्या ब्राउझरला नव्हे. ब्राउझर फार तर तो आता कुठे बसलाय ते सांगेल. सुट्टीला दुबईला गेलेल्या सोलापूरच्या डॉक्टरचं क्लिनिक दुबईला गेलेलं नसतं.

हे सगळं अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी पतसंस्थेचं काम दुरुस्त केलं तेव्हा तेवढाच वेळ लागला. पण ज्यांच्या तारखा आधीच सरकल्या होत्या त्यांचं काय? खरोखरच ३१ मेला जन्मलेली माणसंही यादीत असणार, म्हणून सरसकट एक दिवस पुढे करता येईना. शेवटी पतसंस्थेतली दोन पोरं आणि मी सभासदांचे मूळ कागदी अर्ज काढून आठवडाभर एकेक तारीख ताडून बघत बसलो. मावशींचा अर्ज निघाला. त्यावर त्यांचा अंगठा होता आणि शेजारी कुणीतरी निळ्या शाईनं स्वच्छ लिहिलेलं होतं, १-६-१९५८. त्या कागदावर वेळ लिहायला जागाच नव्हती.